गुरुवारच्या वहीतलं आमचं पान

डॉक्टर मॅडमच्या एका हातात माझ्या वडलांचा, आबांचा, रिपोर्ट होता. दुसऱ्या हाताने त्यांनी माझ्या हातातल्या किटलीकडे बोट दाखवलं.

"यात रोज काय आणतेस?"

"दूध. शेळीचं."

"उकळलेलं?"

खाटेवरून आबाच म्हणाले, "आजाऱ्याला उकळून कोण देतं, डॉक्टर? त्यातलं बळ जातं ना."

मॅडमनी रिपोर्ट खाटेवर ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "यांना ब्रुसेलोसिस झाला आहे. पूर्ण बरा होतो. पण आधी ही किटली घरी पाठव."

ब्रुसेलोसिस म्हणजे शेळ्या-मेंढ्या, गायी-म्हशींकडून माणसाला होणारा जंतूंचा ताप. कच्च्या दुधातून तो येतो. व्यालेल्या जनावराची वार उघड्या हाताने ओढून काढली, तर त्यातूनही येतो. आम्ही धनगर आहोत. पडेगावच्या पलीकडे, दौलताबाद रस्त्याच्या कडेला आमची दहा-बारा घरांची वस्ती आहे. वार हाताने काढणं आणि दूध तसंच पिणं, या दोन्ही गोष्टी आबा मिसरूड फुटायच्या आधीपासून करत आले आहेत. नेमका कशातून झाला, हे आता सांगता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. मला मात्र त्या दिवशी फक्त किटली दिसत होती.

कारण मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि माझा एक विषय मायक्रोबायोलॉजी आहे, म्हणजे सूक्ष्म जंतूंचं शास्त्र. पाश्चरायझेशनची, म्हणजे दूध तापवून त्यातले जंतू मारण्याची, व्याख्या मला पाठ आहे. परीक्षेत ती मी बरोबर लिहिली होती. आणि तीच मी रोज सकाळी शेळीची धार काढून, फेस मोडायच्या आत, किटलीचं झाकण दाबून दवाखान्यात पळत होते. आमच्या घरात आतापर्यंत कुणी कॉलेजात गेलेलं नाही. मी शिकलेली, म्हणून आजारपणाची सगळी जबाबदारी माझ्याकडे आली होती. कॉलेजात शिकलेलं आपल्या चुलीपाशी लागू पडतं, हे मला सुचलंच नाही. हे लिहायला संकोच वाटतो, पण ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे.

सुरुवात अशी झाली. पोळ्याच्या सुमाराला आबांना संध्याकाळी बारीक ताप यायला लागला. पहाटे घाम सुटायचा, इतका की गोधडी पिळून वाळत घालावी लागायची. सकाळी ताप गायब. आबा उठून मेंढरांमागे जायचे आणि दिवस कलला की पुन्हा कुडकुडत परत यायचे. मग कंबर धरली. पुढे गुडघे. अंगावरून घोंगडी सरकली तरी उचलायचा कंटाळा येतो, असं ते एकदा म्हणाले. आबांच्या तोंडून कंटाळा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

भाऊ वाळूजला कंपनीत आहे. त्याने पाळी बदलून आबांना दोन खाजगी डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही वेळा सकाळी, कारण त्याला दुपारी कामावर जायचं असे. सकाळी ताप नसायचाच. एकाने टायफॉइडची औषधं दिली, दुसऱ्याने सलाईन लावलं. मलेरियाची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही. दोन-चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. माय म्हणायची, अंगात ताकदच उरली नाही, दूध वाढवा. आम्ही दूध वाढवलं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचं, तर आमच्याकडे आधी नगरसेवकाचं पत्र आणायची पद्धत आहे. पत्रात विशेष काही नसतं. सदर रुग्ण गरजू असून सहकार्य करावे, एवढंच. पण ते हातात असलं की माणसाला बळ येतं. म्हणून मी आमच्या नगरसेविका मंदाताईंच्या घरी गेले. त्यांच्या पुढच्या खोलीतच ऑफिस आहे. तिथे आधीच सात-आठ जण बसले होते आणि सगळे जरा तापलेले होते. ताईंनी पत्रं देणं बंद केलं होतं.

माझी पाळी आली तेव्हा मी मान खाली घालून पत्र मागितलं. ताई म्हणाल्या, "बस आधी. पत्र दिलं, तर तुझे वडील ओळीत पुढं जातील. मग कुणीतरी मागं जाईल ना? तो पण माझ्याच वॉर्डातला असतो."

दारातून एक म्हातारा म्हणाला, "पत्र बी देत नाय, तर निवडून कशाला दिली बाई तुला?"

"पुढच्या वेळी नका देऊ, मामा," ताई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "आज मात्र नंबरानं या."

मग त्यांनी मला विचारलं की मनपाच्या दवाखान्यात आबांना दाखवलं का. मनपाचा दवाखाना म्हणजे महानगरपालिकेचं आरोग्य केंद्र. आमच्यापासून चालत वीस मिनिटं. मी नाही म्हणाले. आम्ही तिथे फक्त लहान पोरांना डोस द्यायला जायचो. ताई म्हणाल्या, उद्या गुरुवार आहे, वडलांना घेऊन ये.

गुरुवारी सकाळी गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. ताप नव्हता. तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि ताप असेल तेव्हा या म्हणाले. बाहेर बाकावर ताई बसलेल्या, मांडीवर एक जाड वही. दर गुरुवारी त्या तिथे बसतात आणि दवाखान्यात कुणाचं काय अडलं ते लिहून घेतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी वही माझ्यापुढे केली. "कॉलेजात जातेस ना? तूच लिही. मला महापालिकेतल्या साहेबांना दाखवायचंय."

मला काय लिहावं सुचेना. शेवटी तीन ओळी लिहिल्या. आमच्या वडलांना ताप संध्याकाळी येतो. दवाखाना दुपारी एकला बंद होतो. डॉक्टर म्हणतात ताप असताना या, तर कधी यावे?

परत येताना मला रडू येत होतं. पत्र मागायला गेले आणि तक्रार लिहून आले. आबा रस्त्याच्या कडेला दगडावर टेकले.

"पत्र भेटलं का?"

"नाय."

"मग काय भेटलं?"

"वहीत लिहून आले."

आबा हसले. "लिहिल्यानं ताप उतरतो व्हय?"

ताईंनी पुढे काय केलं, ते मला नंतर तिथल्या दवाखान्यातल्या सिस्टरकडून तुकड्यातुकड्यांनी समजलं. माझ्या पानाच्या आधीही तशी अकरा पानं होती. कुणी वाळूजहून पाळी संपवून येणारे, कुणी दिवसभर रानात असणारे. ताई ती वही घेऊन महापालिकेत गेल्या. तिथे सांगितलं गेलं की डॉक्टर नाहीत, जागा भरल्या की बघू. दुसऱ्या वेळी त्या गेल्या तेव्हा त्यांनी नवा डॉक्टर मागितलाच नाही. आहेत तेच डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळऐवजी चार ते आठ बसतील का, एवढंच विचारलं. डॉक्टरांशी त्या आधीच बोलल्या होत्या. त्यांना सकाळी स्वतःच्या आईला फिजिओथेरपीला न्यायचं असायचं, म्हणजे व्यायामाच्या उपचारांना, तेव्हा ते आनंदाने तयार झाले. नवी इमारत नाही, नवा माणूस नाही. फक्त वेळ सरकवली. त्यावर सह्या व्हायला तीन आठवडे गेले.

त्या तीन आठवड्यांत आबा बरेच खालावले. मी ताईंवर मनातून चिडले होते, हेही लिहिलं पाहिजे.

पहिल्या मंगळवारी संध्याकाळी आम्ही सहा वाजता पोचलो. आबांना एकशे तीन ताप होता. तेच डॉक्टर, तीच खुर्ची, पण या वेळी त्यांच्यासमोर ताप होता. त्यांनी पोट दाबून बघितलं आणि प्लीहा, म्हणजे डाव्या बरगडीखालचा एक अवयव, थोडी वाढली आहे असं सांगितलं. मग धंदा विचारला. मेंढरं म्हटल्यावर त्यांनी पेन थांबवला आणि मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. त्या चिठ्ठीत तापाचा आकडा होता, प्लीहेचा उल्लेख होता, मेंढपाळ असं लिहिलं होतं आणि शेवटी काय तपासावं तेही होतं. सदर रुग्ण गरजू आहे असं कुठेही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आबा ओळीत आपल्या नंबराने आत गेले आणि दुपारपर्यंत वॉर्डात भरती झाले.

तिथे ब्लड कल्चर केलं. म्हणजे रक्त एका खास बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते बघायचं. हे जंतू सावकाश वाढतात, म्हणून थांबावं लागतं. दुसरी तपासणी ॲग्लुटिनेशनची. या जंतूंशी आपलं रक्त लढतं आहे का, हे तीत कळतं. आम्ही पाच दिवस थांबलो. वॉर्डाबाहेरच्या जाळीपाशी डबे घेऊन बसलेल्या बायकांशी मायची ओळख झाली. कुणाच्या माणसाला कोणत्या गोळीने मळमळतं, हे मायला माझ्याआधी कळायचं. मी तिथेच पायऱ्यांवर प्रॅक्टिकलची वही पूर्ण केली. आणि रोज सकाळी किटली आणली.

पाचव्या दिवशी आधी ॲग्लुटिनेशनचा रिपोर्ट आला. पुढचं वर सांगितलंच आहे. कल्चरमध्येही तेच जंतू निघाले, हे नंतर कळलं.

उपचार सांगते, कारण खरी परीक्षा तिथे आहे. गोळ्या सहा आठवडे. इंजेक्शन रोज एक, एकवीस दिवस. मॅडमनी मायला, भावाला आणि मला एकत्र उभं करून सांगितलं, "दहा दिवसांत ताप जाईल. यांना वाटेल आपण बरे झालो. तेव्हाच जास्त सांभाळायचं. मध्येच सोडलं, तर हा आजार परत येतो आणि मणक्यात जाऊन बसतो." आमचंही रक्त तपासलं. तिघांचंही चांगलं निघालं.

आठवड्याने आबांना घरी सोडलं. उरलेली चौदा इंजेक्शनं मनपाच्या दवाखान्यात घ्यायची ठरलं. चौदा दिवसांत दोन रविवार येतात आणि रविवारी दवाखान्याला कुलूप असतं. गुरुवारी मी पुन्हा वहीत लिहिलं. या वेळी मला शब्द शोधावे लागले नाहीत.

ताई सिस्टरना म्हणाल्या, रविवारी तासभर इंजेक्शनची खोली उघडता येईल का? सिस्टर आमच्याच भागातल्या, बोलायला तिखट. म्हणाल्या, "उघडते की. पण नुसतं फोटो काढायला येऊ नका, तासभर थांबा आणि केसपेपर लिहा. मला दोन हात आहेत."

आम्हाला वाटलं ताईंना राग येईल. पण पुढच्या रविवारी खरोखरच ताई खिडकीत बसल्या होत्या. त्यांचं अक्षर इतकं वाईट होतं की सिस्टरनी पहिलाच केसपेपर परत पाठवला. "ताई, हे नाव माणसाचं आहे का गावाचं?" सगळी ओळ हसली. ताईही हसल्या आणि पुन्हा लिहायला बसल्या. त्यांनी रविवारी यायचं थांबवलं नाही, उलट महिन्याभरात दुसऱ्या केंद्रातल्या सिस्टरांबरोबर पाळ्या लावून घेतल्या, म्हणजे एकाच बाईचा रविवार जाऊ नये. पत्र न मिळाल्याने रागावलेला तो म्हातारा रविवारी मलमपट्टीला आलेला मी पाहिला. तो ताईंशी बोलला नाही, पण नंबराने आला होता.

ताप खरंच दहाव्या दिवशी गेला. एकविसावं इंजेक्शन झालं आणि आबांनी घोंगडी झटकली.

दिवाळी झाली होती. आमची मेंढरं या दिवसांत गोदावरीकाठाला उतरतात. शेतकरी रिकाम्या रानात कळप बसवतात, लेंडीखत पडतं म्हणून. आबांचे चुलतभाऊ, किसनकाका, निघायच्या तयारीत होते. आबा म्हणाले, मी पण निघतो, गोळ्या सोबत नेतो. आबांनी आयुष्यात कधी सलग चार दिवस गोळी घेतलेली नाही. त्यात कळपातल्या शेळ्या व्यायला आल्या होत्या. तिकडे रानात कोण दूध उकळणार आणि कोण हातमोजे घालून वार काढणार? अजून तीन आठवडे उरले होते. मी, मायने आणि भावाने सांगून पाहिलं. आबा फक्त म्हणायचे, "मला आता काय झालंय?"

त्या गुरुवारी मी वहीत काही लिहिलं नाही, नुसतं ताईंना सांगितलं. वाटलं, त्या येऊन आबांना समजावतील. आबा त्यांचं ऐकतील. ताई म्हणाल्या, "मी सांगितलं, तर तो नगरसेविकेचा कार्यक्रम होतो. दवाखान्याच्या डॉक्टरांना आणि जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन येते. वस्तीत बोलायचं तू."

मला वर्गात उभं राहून हजेरी देतानाही घाम फुटतो. पण दुसरा मार्ग नव्हता, कारण किसनकाका सोमवारी निघणार होते.

रविवारी दुपारी लिंबाखाली वस्ती जमली. ताई मागे, बायकांमध्ये खाली बसल्या. मी कागदावर लिहून नेलं होतं, ते वाचायला घेतलं आणि दोन वाक्यांत अडखळले. किसनकाकांची बायको, आमची काकू, पुढून म्हणाली, "आमच्या दुधात रोग हाय व्हय? चार बुकं शिकली अन् घरचं दूध नासकं झालं का गं?" कुणी म्हणालं, आमच्या शेळीचं दूध उकळलं की तिची कास फुटते, हे तुला माहीत नाय का? ते मला माहीत होतं. मी लहानपणापासून तेच ऐकत आले होते.

मी कागद घडी केला. म्हणाले, "मी आबांना दवाखान्यात हेच दूध नेऊन पाजलं. मला शिकवलं होतं, तरी पाजलं. रोज."

एवढंच बोलले आणि खाली बसले.

मग आबा उठले. ते कधी चार माणसांत बोलत नाहीत. मायला म्हणाले, आण. मायने चुलीवरून पातेलं आणलं. दूध दोनदा वर येऊन खाली गेलेलं. आबांनी सगळ्यांसमोर पेला भरून प्यायला आणि तोंड वाकडं केलं.

"चव गेली, हे खरंय," ते म्हणाले. "पण दोन महिने ही कंबर सरळ व्हत नव्हती. आज बघा." आणि वाकून त्यांनी पायाशी पडलेली काठी उचलली. किसनकाकांच्या हातात दिली. "तू निघ. मी तीन आठवड्यांनी येतो. शेळीची कास बी बघू, फुटते का."

पहिल्यांदा काकूच हसली. जनावरांच्या डॉक्टरांनी वार काढायचे हातमोजे दाखवले, ते सगळ्यांनी घालून पाहिले. आमच्या शेळ्यांचं रक्त तपासायला नेलं. तीन शेळ्या वेगळ्या बांधाव्या लागल्या. त्यांतली एक आबांची फार लाडकी. ती विकून मोकळं व्हा, असं कुणीतरी सुचवलं. आबा म्हणाले, दुसऱ्याच्या घरी ताप विकू का? कास कुणाचीच फुटली नाही.

सहा आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी मॅडमनी आबांना वाकायला लावलं, चालायला लावलं आणि म्हणाल्या, "आता जा मेंढरांमागे. पण पुढचे काही महिने मला दाखवत राहा." आबा दुसऱ्याच दिवशी गोदावरीकडे निघाले. पिशवीत हातमोजे होते आणि मायने एक छोटं पातेलंही बांधून दिलं होतं.

तुमच्या घरी असा ताप असेल, तर माझं एवढं ऐका. ताप केव्हा येतो ते लिहून ठेवा. तुम्ही काय काम करता ते डॉक्टरांना विचारायच्या आधीच सांगा. दूध उकळा. बरं वाटलं तरी औषध शेवटच्या दिवसापर्यंत घ्या. आणि जवळच्या दवाखान्यात काही अडत असेल, तर ज्याला निवडून दिलंय त्याच्याकडे जा, पण पत्र मागू नका. दवाखाना मागा. सगळे मंदाताईंसारखे भेटतील असं नाही. पण आम्हाला भेटल्या, आणि मी त्यांच्यावर चिडले होते, म्हणून त्यांचे आभार इथे लिहिते.

आता गुरुवारी सकाळी माझं कॉलेज उशिरा असतं. मी बाकावर ताईंच्या शेजारी बसते. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचं मी लिहून घेते. माझं अक्षर बरं आहे, असं सिस्टर म्हणतात. आमच्या पहिल्या पानावर ताईंनी निळ्या शाईने बरोबरची खूण केली आहे. पुढच्या सगळ्याच पानांवर ती नाही. काही पानं सहा-सहा महिने तशीच आहेत.

मागच्या गुरुवारी आबा मॅडमना दाखवून केंद्रावर आले होते. सोबत किसनकाका. काकांना ऐकायला कमी येतं आणि कान तपासणारे डॉक्टर आमच्या केंद्रात येत नाहीत. काका बाकाच्या टोकावर अवघडून बसले. आबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "याचं लिही. तारीख टाक."